जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात बॅक आणि फाइंडर शोधायला गेलो त्याचा वृत्तांत

मागच्या शनिवारी जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात जाऊन आलो. माझ्या हॅसलब्लाड ५०० सीरिजच्या फिल्म कॅमेऱ्यासाठी एक जादा बॅक (मागे लागणारा, फिल्म ठेवायचा सुटा डबा) आणि जमलंच तर प्रिझम (फाइंडरचा, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या बघायच्या भागाचा, एक प्रकार), एवढंच डोक्यात होतं, बरोबरचा मित्र मामिया आरबी ६७ कॅमेरावाला, त्यामुळे दोन्हीकडचं बघून झालं. ज्यांना असलं काही घ्यायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय.

दार उघडलं की सगळी गर्दी लेन्स आणि बॉडीच्या टेबलांवर पडते, बॅक आणि फाइंडर बहुतेक टेबलाखालच्या खोक्यांत असतात, त्यामुळे निवांत वाकून बघायला मिळतं. जाताना स्वतःची बॉडी लेन्स लावून न्याच. सोबत वाया गेलेला एक १२० चा (या कॅमेऱ्यांना लागणाऱ्या रुंद फिल्मचा) रोल, बारीक मार्कर आणि छोटा टॉर्च. बॅक नुसती हातात फिरवून काही म्हणजे काही कळत नाही. "लावून बघू का" म्हटल्यावर जो कुरकुर करतो त्याचं टेबल सोडून पुढे जायचं, माल कितीही चकचकीत असो.

माझा हिशोब साधा आहे. फाइंडर खराब असला तर त्रास डोळ्यांना, बॅक खराब असली तर घाण थेट निगेटिव्हवर. तरी लोक फाइंडरमधली धूळ निरखत बसतात आणि बॅक एकदा खटकन लावली, निघाली, की पैसे काढतात.

हॅसलब्लाडमध्ये ए१२ म्हणजे १२० रोलवर ६×६ सेंमीच्या १२ फ्रेम, ए१६ म्हणजे ६×४.५ च्या १६, आणि ए२४ ही २२० रोलसाठी, म्हणजे १२० च्या दुप्पट लांबीच्या फिल्मसाठी. ए२४ भरपूर दिसल्या, कारण २२० मोठ्या कंपन्यांनी कधीच बंद केली. "यात १२० पण चालतो की" असं ऐकवलं जातं, चालतो, पण बारावी फ्रेम झाली तरी काउंटर पुढे जातच राहतो, मोजायचं काम तुमचं.

बॅक उघडून आतला इन्सर्ट (फिल्म बसवायचा साचा) बाहेर काढा. त्यावरचे तीन आकडे बाहेरच्या डब्याच्या नंबरातल्या शेवटच्या तीन आकड्यांशी जुळले तर जोडी मूळची. न जुळणारी लगेच टाकून देऊ नका पण भाव पाडून मागा. वय कळायला नंबरातली दोन अक्षरं बघायची: व्ही १, एच २, पी ३, आय ४, सी ५, टी ६, यू ७, आर ८, ई ९, एस ०. म्हणजे यूसी असेल तर १९७५ ची. मला स्वतःला वयापेक्षा ती कशी वापरली गेली हे महत्त्वाचं वाटतं, कोपरा वाकलेली डार्क स्लाइड (फिल्मसमोर सरकवायचा पातळ पत्रा) दिसली की समजायचं आतली सील पण ओरबाडलेली असणार.

ही सील म्हणजे स्लाइडच्या फटीतून उजेड आत जाऊ नये म्हणून बसवलेली फोमची पट्टी आणि पातळ प्लॅस्टिक. इन्सर्ट आणि स्लाइड काढून बाहेरून फटीवर टॉर्च मारा आणि आतून बघा, उजेड दिसला की सील गेली. घाबरायचं कारण नाही, ती झिजणारीच वस्तू आहे, किट मिळतं, घरी बसवता येते. गिअर झिजले असतील तर मात्र घरी काही होत नाही.

ते तपासायला वायाचा रोल. तो लोड करून बॅक बॉडीला लावा, दर फ्रेमला स्लाइड घालून बॅक काढा, मग स्लाइड ओढून उघड्या चौकटीच्या आतून फिल्मवर मार्कर फिरवा, परत लावून क्लिक करा आणि वाइंड करा. वेळखाऊ आहे आणि आजूबाजूचे बघतात, बघू देत. रोल उलगडला की चौकोन एकमेकांवर चढलेत का ते तिथल्या तिथे दिसतं. एका देखण्या बॅकमध्ये पाचवी आणि सहावी फ्रेम चिकटलेली निघाली, ठेवून दिली. लावताना बॉडी आणि बॅकच्या खुणा एकाच रंगाच्या हव्यात, दोन्ही पांढऱ्या किंवा दोन्ही लाल, नाहीतर फ्रेम वाया जाते किंवा एकावर एक पडते आणि दोष उगाच बॅकला लागतो.

आरबी ६७ च्या बॅक दणकट, पण जुना फोम डांबरासारखा चिकट होतो. बॅक आडवी-उभी फिरवणाऱ्या अ‍ॅडॅप्टरवरची सीलही बघा, ती सगळे विसरतात. मामिया ६४५ वाल्यांनी जरा जपून, एम६४५ आणि १००० एस ला सुटी होणारी बॅक नसतेच, फक्त आतला इन्सर्ट असतो आणि तो बॅक म्हणून खपवला जातो, रोल अर्धा असताना बदलता येत नाही. बदलता येणाऱ्या बॅक ६४५ सुपरपासून पुढे. ब्रॉनिका कॅमेऱ्यांत ईटीआर मॉडेलची बॅक एसक्यू मॉडेलला बसत नाही.

आता फाइंडर. प्रिझम बॉडीवरून काढून पांढऱ्या भिंतीकडे धरून बघा. कडेने काळे डाग आत सरकत असतील तर चांदीचा थर उडतोय, तो घेऊ नका. थोडी धूळ चालते. मीटरवाल्या प्रिझमच्या मोहात मी तरी पडत नाही, बऱ्याच जुन्या मीटरना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता मिळत नाही आणि १.५ व्होल्टचा घातला की रीडिंग चुकतं. वेस्ट लेव्हलमध्ये (वरून खाली बघायच्या फाइंडरमध्ये) झाकण ताठ उभं राहतं का आणि भिंगाचा खटका धरतो का एवढं बघा. आणि चित्र डावं-उजवं उलटं दिसतं म्हणून परत करू नका, ते तसंच असतं, परवा एक जण त्यावरून वाद घालत होता!

एक अपवाद: फोकसिंग स्क्रीन, म्हणजे फाइंडरखालची ज्यावर चित्र उमटतं ती काच. ती चुकीची किंवा नीट न बसलेली असेल तर फोकस हुकतो आणि मग फाइंडरचा दोष फिल्मवर येतोच. हॅसलब्लाडची अ‍ॅक्यूट मॅट डी ही स्क्रीन हवी असेल तर कडेला दोन खाचा शोधा, नावावर विश्वास ठेवू नका.

मी एक ए१२ घेतली आणि प्रिझम नाही घेतला, मित्राला मनासारखी बॅक मिळाली. पैसे देताना रोल धुऊन येईपर्यंत परत घेणार का हे विचारून घ्या, आणि पहिला रोल मुद्दाम कडक उन्हात, स्लाइड दोन-चारदा काढघाल करून वापरा. निगेटिव्हवर फ्रेमच्या एकाच कडेने आत येणारा काळा पट्टा दिसला तर सील बदला, फ्रेममधलं अंतर कमी-जास्त होत असेल तर बॅक परत करा.