टप उघडा

रविवारी दुपारी डोळा लागणार इतक्यात मित्राचा फोन आला, "खाली ये, मामाची गाडी आणलीये." खाली बघतो तर लाल सॅन स्टॉर्म! गोव्यात बनलेली, १९९८ सालची, दोन सीटची, उघड्या टपाची. कॉलेजात असताना हिच्या फोटोचं कात्रण मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. बाहेरून दत्तगुरू होते.

हिच्यात बसायचं म्हणजे जवळजवळ पंगतीलाच बसायचं. बूड टेकलं असं वाटतं, तरी आपण अजून खाली जातच असतो. बॉडी फायबरग्लासची, म्हणजे गंजायचा प्रश्न नाही. दारावर टिचकी मारली की बादलीवर मारल्यासारखी वाजते. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ताकद साठेक हॉर्सपॉवर. एवढी तर आता भाजी आणायच्या गाडीलाही असते. पण रस्ता इतका जवळून पळतो, की चाळीसलाच ऐंशी वाटतात.

ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलला शेजारी टीएमटीची बस उभी राहिली. माझ्या डोळ्यांसमोर तिच्या चाकाचे नट. वर खिडकीतून एक आजी माझ्या मांडीवरचा वडापाव न्याहाळत होत्या. रिक्षावाल्याने विचारलं, "पाऊस आला तर?" आणि उत्तराला न थांबता तो सुटला.

घोडबंदर रोडला लागल्यावर मी मान मागे टाकली. वर आभाळाऐवजी मेट्रोचे गर्डर.

पाचवीत असताना आम्ही नौपाड्याच्या चाळीतून वर्तकनगरला आलो. टेम्पोच्या हौद्यात वळकट्यांवर मी उताणा, पोटावर लोणच्याची बरणी. विजेच्या तारा, गुलमोहर, कुणाच्या गॅलरीतल्या चड्ड्या, सगळं उलटं पळत होतं. आई पुढून ओरडत होती, "उभा राहू नकोस!" पण मी मधूनमधून उठायचोच. बाबा मागून सायकलवर येत होते. टेम्पोने वेग घेतला की ते लहान होत जायचे, सिग्नलला पुन्हा मोठे व्हायचे. दिसले की मी परत आडवा. खाराचा डाग त्या शर्टावरून शेवटपर्यंत गेला नाही.

"काय, मजा आली की नाही?" मित्राने विचारलं.

आली ना. मी सवयीने मागे वळून बघितलं. मागे सीटच नव्हती. पाण्याचा टँकर होता, हॉर्न वाजवत.