एकपात्री प्रयोग

संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढून बसते. वय ब्याऐंशी, हातात जपमाळ, नजर ओट्यावर.

"आज काय रे?"

"खिचडी."

"नुसतीच?"

बायको शिकवण्या घेते. तिची शेवटची बॅच सुटते साडेआठला. दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो आणि सोमवार ते शुक्रवार रात्रीचं जेवण माझ्याकडे आलं. कुणी सोपवलं असं म्हणता येणार नाही. ऑफिसात रिकाम्या टेबलावर फायली आपोआप येऊन पडतात, तसं आलं. लवकरच लक्षात आलं की मला एका वेळी एकच भांडं सांभाळता येतं. दोन शेगड्यांवर दोन भांडी चढवली की ज्याच्याकडे पाठ असेल ते करपतं. तेव्हापासून एक कढई, एक शेगडी, एक माणूस. पात्र म्हणजे भांडंही आणि पात्र म्हणजे नाटकातलंही, म्हणून मी त्याला एकपात्री प्रयोग म्हणायला लागलो. बायको म्हणाली, "प्रेक्षक दोनच, आणि दोघीही फुकट पासवाल्या."

गॅस वाचवतोय असं सांगायचीही सोय नाही. वडोदऱ्यात पाइपचा गॅस 1972 सालापासून आहे. बाकी देशात लोक सिलिंडर हलवून अंदाज घ्यायचे, तेव्हा इथल्या कितीतरी घरांत नुसती कळ फिरवायची आणि काडी ओढायची. आमच्याकडेही तो आहे. तेव्हा दुसरी शेगडी थंड ठेवण्याचं खरं कारण मीच.

पण आईचं ते 'नुसतीच'. ते डोक्यातून जात नाही. आमच्या घरात स्वयंपाक म्हणजे पोळी, भाजी, वरण, भात, ताटाच्या डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी. त्यातलं दोन-तीन गळालं की त्या जेवणाला 'नुसतं' लागतं. आणि क्रियापदही बदलतं. स्वयंपाक 'करतात'. खिचडी 'टाकतात'. "फार काही करत नाही गं, खिचडी टाकते." पिठलंही टाकतात. भात तर 'लावतात', जसं रोपटं लावावं. आईनं आयुष्यात हजारो वेळा रात्रीची खिचडी टाकली असेल, पण कुणी विचारलं असतं की आज काय केलंस, तर म्हणाली असती, काही नाही.

समोरच्या मासींकडे ही भानगडच नाही. दार उघडं असतं, हिंग-तुपाचा वास जिन्यात उतरतो आणि मासी तिथूनच सांगतात, "आजे तो खिचडी-कढी!" आवाजात सणाची घोषणा. गुजराथी घरात रात्रीची खिचडी हे जेवण आहे, जेवणाची सुट्टी नाही. आमच्या आजोबांच्या आजोबांपासून आम्ही या शहरात आहोत, दांडिया बाजारात जन्म गेले, कढीत गूळ घालायला शिकलो, उलथन्याला तवेथा म्हणायला लागलो, पण खिचडीला उद्गारचिन्ह लावणं काही जमलं नाही. फार तर आई म्हणते, खिचडीचे चार यार तरी आण: दही, पापड, तूप, लोणचं. म्हणजे ताटाची डावी बाजू मागच्या दारानं परत येते.

कढई आजीची आहे. लोखंडी, जाड बुडाची, एक कान रिव्हेटवर थोडा डुगडुगतो, त्यामुळे उचलताना फडकं दोन्हीकडे लागतं आणि लक्ष एकीकडेच. आतून काळीभोर, गुळगुळीत. ती कामवाल्या बेनना द्यायची नाही हा आईचा नियम, कारण ओली पालथी राहिली की सकाळी बुडाला तांबूस गंज. जेवण झालं की गरम पाण्यानं घासायची, पुसायची, मंद आचेवर कोरडी करायची, तेलाचा हात फिरवायचा. मला वाटायचं हे बाळंतिणीचे लाड झाले. मग एकदा हौसेनं तिच्यात चिंचेची आमटी केली आणि उरलेली रात्रभर तशीच ठेवली. सकाळी आमटी शाईसारखी झाली होती आणि चव अशी की जणू खिळा चोखतोय. आंबट लोखंडाला खातं आणि लोखंड आमटीत उतरतं, हे शाळेत शिकलो होतो. पण शाळेत आमटी नव्हती. आईनं चमचाभर चाखली आणि शांतपणे म्हणाली, "अंगात लोह वाढेल." त्यात तथ्यही आहे. पण आमटी बागेतल्या कुंडीलाही देववली नाही, मोरीत ओतली.

मुलानं पुण्याहून न चिकटणारी कढई पाठवली आहे. तिचा तो काळा लेप 1938 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत दुसरंच काही शोधताना चुकून सापडला म्हणे. गुणी आहे, हलकी आहे, तिच्यात काही चिकटत नाही. आणि तोच तिचा दोष, पण त्याकडे नंतर येतो.

एका कढईत खरी मेख असते ती प्रवेशांची. कोण आधी, कोण मागून. वेगवेगळी भांडी असली की भाजी तिच्या वेळेनं, डाळ तिच्या वेळेनं शिजते आणि सगळे ताटात एकदम भेटतात. इथे सगळे एकाच रंगमंचावर, आणि एकदा आत गेलेला बाहेर येत नाही. बटाटा टोमॅटोच्या आधी गेलाच पाहिजे. टोमॅटो आधी पडला तर त्याच्या आंबटपणानं बटाटा हट्टाला पेटतो, अर्धा तास उकळा, आत टणक तो टणक. तुरीची डाळ याहून मानी. आमसूल पडलेलं तिला समजलं की ती शिजायचं नाव काढत नाही. आंबट नेहमी शेवटच्या अंकात. उघड्या कढईतल्या खिचडीला म्हणून मुगाची डाळ बरी. धुऊन अर्धा तास निथळत ठेवली, तांदळाबरोबर फोडणीत परतली, की तीस-पस्तीस मिनिटांत पडदा. पाणी मात्र कुकरच्या हिशेबानं घालायचं नाही. कुकर वाफ कोंडून ठेवतो, कढईचं तोंड मोठं, निम्मी वाफ आईच्या जपमाळेकडे जाते. वाटीभर डाळ-तांदळाला मी साडेचार वाट्या पाणी घालतो, तेही उकळतं. गार घातलं की परतलेले तांदूळ दचकतात आणि खिचडी मोकळीही होत नाही, मऊही होत नाही. हे माझं मत. बायकोचं मत वेगळं आहे आणि ती विज्ञान शिकवते.

दर गुरुवारी वरणफळं. इथे आमच्या घरातला जुना सरहद्दीचा वाद सुरू होतो. मासी म्हणतात ही तर दाळ-ढोकळी. आई म्हणते ही वरणफळं, आपल्याकडे कुणी चकोल्याही म्हणतात. तुरीच्या पातळ वरणात कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे दोघींचेही. मासींच्या कणकेत ओवा, हळद, तिखट, आणि वरणात शेंगदाणे. गोड-आंबट इतकं ठणठणीत की पहिला घास कुठल्या बाजूचा ते कळत नाही. आईच्या वरणात गोडा मसाला, आमसूल, वरून ओलं खोबरं-कोथिंबीर. मी करतो त्यात गोडा मसालाही असतो आणि शेंगदाणेही. दोघींनाही ते मान्य नाही. दोघीही दोनदा घेतात.

वरणफळांत मला सगळ्यात आवडतं ते फळं सोडणं. वरण आधी इतकं पातळ करायचं की बघणाऱ्याला वाटावं, आज पाणीच जेवायचं की काय. मग ते खळखळून उकळू द्यायचं, बारीक नाही, मोठ्या बुडबुड्यांचं. आणि मग एकेक फळ. मूठभर एकदम टाकली की त्यांचा तिथेच लगदा होतो, लग्नाच्या पंगतीत एकाच गावचे लोक घोळका करून बसावेत तसा. एक तुकडा सोडायचा, तो बुडतो, उकळी क्षणभर मागे सरते, पुन्हा येते, मग दुसरा. तुकड्यांच्या अंगावरचं कोरडं पीठ आणि कणकेतला स्टार्च वरणात उतरत जातो आणि पाच-सात मिनिटांत वरणाचा आवाज बदलतो. खळखळ जाऊन खदखद येते. बुडालेली फळं एकेक करून वर तरंगतात, कडांना जराशी पारदर्शक होतात. तेव्हा आमसुलं, गूळ, आणि गॅस बंद. यानंतर कुणाचीही वाट बघायची नाही. दहा मिनिटं फोनवर कुणी बोलत बसलं की वरण गुल, कढईत एक पिवळी उशी. ती सकाळी चमच्यानं कापता येते. शिळी वरणफळं हा वेगळाच पदार्थ आहे आणि त्याचे चाहते आहेत, मीही.

तर अशा एका गुरुवारी मी भांडी मोजली. कारण झालं एक व्हिडिओ. त्यात एक हसरी बाई एका कढईत वीस मिनिटांत जेवण करते. कांदा चिरलेला, लसूण सोललेला, पनीरचे चौकोन, मसाले मोजलेले, सगळं काचेच्या छोट्या वाट्यांत मांडलेलं. मी त्या वाट्या मोजल्या: नऊ. नंतर त्या कोण घासतं हे व्हिडिओत नव्हतं. मग वाटलं, आपण तरी किती स्वच्छ आहोत ते बघू. जेवणाआधीच मोरीत होतं: कढई, तिचं झाकण, कुकर (तुरीची डाळ उघड्यावर शिजवत बसलो तर रामप्रहर होईल), कुकरमधला डबा, डाळ घोटायची रवी, परात, पोळपाट, लाटणं, सुरी, आमसुलं भिजवलेली वाटी, खोबरं-कोथिंबिरीची ताटली, डाव. बारा नग. एकपात्री म्हणवणाऱ्या नाटकात पडद्यामागे बारा जण राबत होते.

आईला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "पोळपाट मोजू नये." का ते सांगितलं नाही. बहुधा पोळपाट नुसता झटकायचा असतो म्हणून.

तेव्हापासून मी भांडी कमी करायच्या मागे लागलो आणि वाट मला गुजराथी स्वयंपाकानंच दाखवली. एक तर वघारेलो रोटलो. सकाळचा बाजरीचा रोटला हातानं कुस्करायचा, कढईत लसणाची सणसणीत फोडणी, त्यात ताक, ताक फुटू नये म्हणून सतत ढवळत राहायचं, उकळी फुटली की रोटला आत. दहा मिनिटं. आपली फोडणीची पोळी कोरडी, ही ताकात न्हालेली, एवढाच फरक. दुसरं शेव-टमेटा. टोमॅटो खंडेराव मार्केटमधून येताना घ्यायचे. सयाजीरावांनी 1906 साली बांधवलेली ती देखणी इमारत, पालिकेचं मुख्य कार्यालयही तिथेच, त्यामुळे घरपट्टी भरायला गेलेला माणूस हातात मेथीची जुडी घेऊन परततो. टोमॅटो फोडणीत मऊ करायचे, थोडा गूळ, आणि जाडी शेव अगदी वाढताना. शेव आधी पडली की तिचा कणा मोडतो. (हे आंबट मात्र न चिकटणाऱ्या कढईत करतो. आजीच्या कढईनं एकदा धडा दिला तेवढा पुरे.) पिठल्याबद्दल काही लिहीत नाही. माझ्या पिठल्यात गुठळ्या होतात, आणि त्या का होतात यावर घरात तीन मतं आहेत, तिन्ही माझ्या विरुद्ध.

उन्हाळ्यात या प्रयोगांची खरी किंमत कळते. मे महिन्यात बाहेर बेचाळीस असताना रात्री आठलाही ओट्याची फरशी कोमट लागते. दोन शेगड्या पेटवायचा धीर होत नाही. त्या दिवसांत आई "नुसतीच?" विचारत नाही. "पुरे तेवढं," म्हणते आणि पंख्याखाली जाऊन बसते.

परवा खिचडीत पाणी थोडं कमी पडलं. फोन आला होता, मी दिवाणखान्यात होतो, आणि कढईच्या बुडाशी चुरचुर सुरू झाली तेव्हा पोचलो. वरची खिचडी वाचली होती. तळाला धरली होती. जेवणं झाली, दही-पापड संपलं, बायको पेपर तपासायला बसली, आणि मी कढईत पाणी ओतणार तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "ओतू नको. खरवड आहे ना?"

होती. बदामी, कडेला थोडी काळपट, मोहरीचे दाणे रुतलेले. तवेथा आडवा धरून खरवडली तर बुडाच्या आकाराची गोल पापडी अखंड सुटली. पुण्याहून आलेल्या त्या गुणी कढईत हे जन्मात होणार नाही, तिच्यात काही धरतच नाही. मी तिचे तीन तुकडे केले. बायकोनं आपला उभ्या उभ्या कुरकुर खाल्ला. आईनं तिचा हातात घेतला, वास घेतला, कडेचा एक दाणा तोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ घोळवला. खालचे दात आता तिला साथ देत नाहीत.

"हे कडक आहे रे," ती म्हणाली. "थोडं ताक घाल यावर. वाटीत दे."

मी फडताळातून वाटी काढली.