पतसंस्थेचा अर्ज डोळे मिटून भरता आला पाहिजे

सांगली जिल्ह्यातल्या पतसंस्थांचे ठेवीचे आणि कर्जमागणीचे अर्ज आता हळूहळू मोबाईलवर येऊ लागले आहेत. चांगलंच आहे. पण जतचा एखादा अंध सभासद तो अर्ज भरू शकला नाही, तर त्याला दिवस मोडून, कुणाला तरी सोबत घेऊन, एसटीनं सांगली गाठावी लागते. शिवाय आपली ठेव किती, कर्ज कशासाठी, हे सगळं त्या सोबत्यासमोर उघडं करावं लागतं. ज्याला दिसतं त्याचा व्यवहार गुपचूप होतो आणि ज्याला दिसत नाही त्याचा चारचौघांत. मला ही गोष्ट फार लागते, आणि ती टाळणं अजिबात अवघड नाही.

हे लिखाण असे अर्ज बनवणाऱ्यांसाठी आहे. सुगम्यतेचे जागतिक निकष, म्हणजे डब्ल्यूसीएजी, मोफत वाचायला मिळतात, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. ते पाळायचेच. पण मराठी अर्जात अडचणीच्या काही जागा अशा आहेत, ज्या इंग्रजी पान तपासणाऱ्याच्या ध्यानातही येत नाहीत.

सुरुवात पानाच्या पहिल्या ओळीपासून. एचटीएमएल टॅगमध्ये ‘लँग’ म्हणून पानाची भाषा सांगायची असते. आयत्या टेम्प्लेटमध्ये तिथं बहुतेक वेळा ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, असतं आणि मजकूर मराठी केला तरी ते तसंच राहून जातं. स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, मात्र ते प्रमाण मानतो. त्यात भाषा आपोआप बदलण्याची सोय चालू असेल तर तो इंग्रजी आवाज लावतो, आणि त्या आवाजाला देवनागरी येत नसेल तर ‘अर्जदाराचे संपूर्ण नाव’ या जागी शांतता तरी मिळते नाहीतर काहीतरी निरर्थक पुटपुटणं. तिथं मराठीचं ‘एमआर’ हवं. हिंदीचं ‘एचआय’ टाकून भागत नाही. हिंदी आवाज ‘ळ’ला ‘ल’कडे ओढतो आणि ‘चांगला’मधला च ‘चहा’तल्या चसारखा म्हणतो. दोन अक्षरांची दुरुस्ती आहे, पण ती झाली नाही तर पुढची सगळी मेहनत वाया.

आता अर्जातली एकच चौकट जवळून पाहू: ठेवीची रक्कम.

बऱ्याच अर्जांत या चौकटीचं नाव चौकटीच्या आतच फिकट अक्षरांत लिहिलेलं असतं, म्हणजे प्लेसहोल्डर. टाइप करायला लागलं की ते गायब होतं. ज्याची स्मरणशक्ती कमी झालीय किंवा जो पान मोठं करून एका वेळी चारच शब्द बघू शकतो, त्याला आपण कुठल्या चौकटीत आहोत हे कळत नाही. नाव चौकटीच्या वर, लेबल टॅगमध्ये हवं आणि ते चौकटीच्या आयडीशी जोडलेलं हवं. जोडलंय का हे पाहायची सोपी खूण: लेबलवर बोट ठेवलं की कर्सर चौकटीत गेला पाहिजे.

त्याखाली ‘किमान ५०० रुपये’ अशी सूचना असते. डोळ्यांना ती दिसते, पण टॅब दाबत चौकटीतून चौकटीत जाणाऱ्या अंध माणसाला ती ऐकूच येत नाही, कारण टॅब फक्त चौकटी, बटणं आणि दुवे यांवर थांबतो. मधला साधा परिच्छेद ओलांडून जातो. म्हणून सूचनेला आयडी द्यायचा आणि तो चौकटीच्या ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’मध्ये, म्हणजे वर्णन कुठं आहे ते सांगणाऱ्या गुणधर्मात, लिहायचा. मग ‘ठेवीची रक्कम, किमान ५०० रुपये’ असं एका दमात ऐकू येतं.

पुढची चूक चौकटीचा टाइप, म्हणजे प्रकार, ‘नंबर’ लावण्याची. रक्कम आहे म्हणजे नंबर, असा सरळ विचार असतो. पण त्या चौकटीत खालचा बाण दाबला की आकडा एकाने कमी होतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याचा हात तर वाचन पुढे नेण्यासाठी सतत खालच्या बाणावर असतो. त्याने ५०००० लिहिले, ‘पुढे काय आहे’ म्हणून बाण दाबला, आणि अर्ज गेला ४९९९९ चा. म्हणून टाइप ‘टेक्स्ट’ ठेवावा आणि इनपुटमोड ‘न्यूमेरिक’. मोबाईलवर आकड्यांचा कीबोर्डच येतो आणि बाणाने रक्कम हलत नाही.

मग देवनागरी आकडे. मराठी कीबोर्ड लावलेला माणूस ‘५००००’ असंच लिहिणार, ते त्याचं बरोबरच आहे. पण जावास्क्रिप्टला हा आकडा वाटत नाही. नंबर फंक्शनला दिला तर ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडा नाही’, मिळतो, आणि अंक तपासायची नेहमीची खूण ‘बॅकस्लॅश डी’ फक्त इंग्रजी आकडे ओळखते. मग अर्ज सांगतो ‘कृपया फक्त अंक टाका’, आणि समोरचा माणूस त्याच त्या अंकांकडे बघत बसतो. उपाय पाचेक ओळींचा आहे. युनिकोडमध्ये शून्य ते नऊ हे देवनागरी अंक ०९६६ ते ०९६एफ अशा सलग जागांवर आहेत. प्रत्येकातून ०९६६ वजा केलं की साधा अंक हाती येतो. स्वल्पविराम आणि मधल्या मोकळ्या जागा काढून टाकायच्या, मग तपासायचं. ‘१,२५,०००’ आणि ‘125000’ दोन्ही चालले पाहिजेत.

चूक झालीच तर चौकटीची कड लाल करून थांबू नये. रंग ऐकू येत नाही, आणि लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्याला दिसतही नाही. ‘रक्कम ३०० रुपये लिहिली आहे, किमान ५०० हवी’ असं वाक्य चौकटीखाली यावं, तेही डिस्क्राइब्डबायला जोडावं, ‘इथं चूक आहे’ हे स्क्रीन रीडरला सांगणारं एरिया-इनव्हॅलिड ‘ट्रू’ करावं आणि कर्सर पहिल्या चुकीच्या चौकटीत न्यावा. ‘अवैध माहिती’ हा संदेश कुणाच्याच कामाचा नाही.

एका चौकटीत इतकं आहे म्हटल्यावर तीस चौकटींचा अर्ज जड वाटेल. पण साचा एकदा नीट बसला की बाकीच्या चौकटी त्याच साच्यातून निघतात.

पत्त्याचा भाग वेगळा आहे, तिथं मराठीची खास अडचण येते. ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’, ‘क्र.’, ‘रु.’ ही लघुरूपं कागदावर जागा वाचवण्यासाठी आली. आवाज ती ‘मु’, ‘पो’, ‘ता’ अशी तुटक म्हणतो आणि प्रत्येक टिंबाशी थांबतो. गावांच्या यादीतल्या ‘बु.’ आणि ‘खु.’चंही तेच. पूर्ण लिहा: मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, बुद्रुक, खुर्द. ‘७/१२’ सुद्धा काही आवाज तारखेसारखं किंवा ‘सात तिरकी रेघ बारा’ असं वाचतात, म्हणून ‘सातबारा उतारा’ असं अक्षरी.

जिल्ह्यातले तालुके दहाच: मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी, खानापूर, कडेगाव, पलूस, वाळवा, शिराळा. साधी सिलेक्ट यादी पुरते. मात्र तालुका बदलताक्षणी पान पुन्हा लोड करू नका. विंडोजवर बंद सिलेक्टवर बाण दाबला की प्रत्येक पायरीला बदल नोंदला जातो. मिरजेवरून शिराळ्याला जाणारा माणूस तासगावातच पानाच्या वर फेकला जातो. गावांची यादी मागच्या मागे भरा, कर्सर हलवू नका. गावांची यादी लांब असते आणि पहिलं अक्षर दाबून उडी मारावी म्हटलं तर नाव देवनागरीत, कीबोर्ड इंग्रजीत, म्हणून तीही चालत नाही. माझं स्पष्ट मत: गावासाठी साधी लिहायची चौकट ठेवा आणि पडताळणी शाखेत करा. यादीच हवी असेल तर शोधताना ‘शेतकऱ्या’तल्या ऱ्यचा घोळ लक्षात ठेवा. तो दोन तऱ्हेनं टाइप होतो: ऱ हे वेगळं अक्षर वापरून, किंवा साध्या र ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द असतात. साठवण्याआधी सगळं एकाच रूपात आणा.

जन्मतारखेला कॅलेंडर उघडू नका. साठीतल्या माणसाला महिन्यामागे एक टिचकी मारत जायचं तर सातशेवर टिचक्या होतात. दिवस, महिना, वर्ष अशा तीन चौकटी पुरे. याउलट ओटीपीला सहा अंकांच्या सहा चौकटी करण्याची फॅशन आहे, तिथं एकच चौकट हवी. सहा चौकटींत एक अंक चुकला की मागे कसं जायचं हेच ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि पेस्टही नीट होत नाही. ऑटोकम्प्लीटमध्ये ‘वन-टाइम-कोड’ लिहिलं की फोन अंक स्वतःच सुचवतो. ओटीपीला ३० सेकंदांची मुदत घालणं क्रूरपणा आहे; स्क्रीन रीडरनं संदेश उघडून ऐकून परत यायला त्याहून जास्त वेळ लागतो. वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा तर काढूनच टाका, ओटीपी असताना त्याची गरज उरत नाही.

रंगाकडे येऊ. आपल्याकडे संस्थेच्या पानावर केशरी पट्टी आणि तिच्यावर पांढरी अक्षरं, हे चित्र नेहमीचं. नेहमीच्या केशरीवर, म्हणजे एफएफ९९३३ या रंगसंकेतावर, पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणातला फरक) २.१३:१ भरतो. लहान मजकुराला ४.५:१ लागतो, मोठ्याला ३:१. म्हणजे दोन्हीकडे नापास. त्याच केशरीवर काळी अक्षरं घातली तर ९.८६:१ मिळतात, पट्टीचा रंग बदलायचीही गरज नाही. पांढऱ्यावर राखाडी लिहायचं असेल तर ७६७६७६ ही शेवटची मर्यादा. ७७७७७७ ला ४.४८ होतात, आणि ९९९९९९ हा सगळ्यांचा आवडता रंग २.८५ वर अडकतो. मोतीबिंदू असलेल्या आजीला आणि भर उन्हात मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभ्या असलेल्या शेतकऱ्याला एकच अडचण येते.

अक्षराच्या आकाराबाबत इंग्रजीचा हिशेब चालत नाही. त्याच पिक्सेलमध्ये देवनागरी लहान दिसते, कारण उंचीचा बराच भाग वरच्या मात्रा आणि खालच्या उकारांत जातो. १६ च्या जागी १८ ते २० घ्या, ओळीची उंची निदान दीडपट. बटणाची उंची पिक्सेलमध्ये पक्की करून ‘ओव्हरफ्लो हिडन’ लावलं की अक्षर मोठं करताच उकार कापला जातो: ‘पुढे’चं ‘पढे’ होतं, ‘कुटुंब’चं ‘कटंब’. उंची ठरवू नका, वरखाली पॅडिंग द्या. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सूचना मात्र देवनागरीला लावू नये, शिरोरेषा तुटते. ज्या लिपीत एखादा गुण वापरलाच जात नाही तिला त्यातून सूट, असं निकषांतच म्हटलंय.

कडबाकुट्टीत बोटं गेलेली माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी बटण किमान २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल, हा निकष झाला. माझ्या मते ४४ च्या खाली जाऊच नये. ‘पुढे’ आणि ‘रद्द करा’ शेजारी चिकटवू नका. अंगठ्याचा ठसा किंवा स्क्रीनवर बोटाने सही, एवढाच मार्ग ठेवला तर ही माणसं दारातच अडतात. चेहरा ओळखताना ‘डोळे मिचकावा’ म्हणण्याचंही तसंच; ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला, तो अशाच केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या, तक्रारींवरून. कर्णबधिर सभासदासाठी फक्त फोन क्रमांक देऊन भागत नाही, संदेश पाठवता येईल असा क्रमांकही हवा.

अर्जासोबत जोडलेले नियम आणि वार्षिक अहवाल हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. छापखान्यातून आलेली पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर वर मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी असते आणि आवाज तीच वाचतो. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, लगेच कळेल. युनिकोडची पीडीएफ असली तरी कॉपी करताना पहिली वेलांटी बरेचदा भलत्या अक्षरावर जाऊन बसते. म्हणून नियम साध्या वेबपानावर द्या, छपाईसाठी पीडीएफ वेगळी. व्याजदराचा तक्ता व्हॉट्सॲपच्या चित्रातून पानावर आणू नका. खरा टेबल करा, मथळ्याच्या घरांना ‘टीएच’ लावा.

तपासणीला खर्च नाही. आधी माउस काढून ठेवा आणि टॅब, शिफ्ट-टॅब, स्पेस, एंटर एवढ्यावर अर्ज पूर्ण करा. आपण कुठं आहोत ते दिसत नसेल तर कुणीतरी चौकटीभोवतीची खूण लपवणारं ‘आउटलाइन नन’ लिहिलंय, ते काढा. टॅब एखाद्या बटणावर थांबतच नसेल तर ते खरं बटण नाही, बटणासारखा रंगवलेला डिव्ह, म्हणजे साधा ठोकळा, आहे. मग एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर घ्या. त्यातल्या ईस्पीक या आवाजाला मराठी येतं, आवाज यांत्रिक आहे पण समजतो. टूल्समधला स्पीच व्ह्यूअर उघडला की तो काय बोलतोय ते लिहूनही येतं. एफ दाबत चौकटींवरून जा, एच दाबत मथळ्यांवरून. मोबाईलवर टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर लावून हेच करा: उजवीकडे सरकवलं की पुढचं, दोनदा टिचकी मारली की निवड. स्क्रीनकडे न बघता.

त्यानंतर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला बोलवा, त्याच्या वेळेचे पैसे द्या, आणि तो अडखळला तरी ‘तिकडे डावीकडे आहे’ असं म्हणू नका. तो कुठं थांबला तेवढं लिहून घ्या.

‘दाखल करा’ दाबल्यावर बहुतेक अर्ज हिरवी बरोबरची खूण दाखवून दोन सेकंदांत मुख्य पानावर नेतात. ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. तो पुन्हा बटण शोधतो आणि अर्ज दोनदा जातो. पान तिथंच थांबू द्या. कर्सर ‘अर्ज मिळाला’ या मथळ्यावर न्या, खाली अर्ज क्रमांक चित्रात नव्हे, मजकुरात लिहा, आणि तोच क्रमांक एसएमएसनं पाठवा, म्हणजे शाखेत फोन करताना तो जतच्या त्या सभासदाला स्वतःलाच सांगता येईल.