आजींना काय द्यायचं?

"आजींना काय द्यायचं?" हा प्रश्न वेटरने आज दुपारी मला विचारला, आणि आई माझ्या शेजारीच चष्मा लावून, मेन्यूकार्डातील एका ओळीवर बोट ठेवून बसली होती.

मुलगा उद्धट मुळीच नव्हता. पाणी न मागता आले होते आणि आम्हा बाकीच्यांची ऑर्डर त्याने शब्दन्‌शब्द म्हणून दाखवली होती. (ग्राहकाचेच शब्द जसेच्या तसे उच्चारणाऱ्या वेट्रेसला अधिक टिप मिळते, असे नेदरलँड्समधील एका प्रयोगात आढळले होते, तो शोधनिबंध २००३ सालचा.) आईचे शब्द मात्र त्याने ऐकायलाच घेतले नाहीत.

आईने बोट न हलवता मेन्यूकार्ड त्याच्याकडे वळवले आणि म्हणाली, "हे आण. आणि गरम असू दे." तो ओशाळला, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी तिच्याकडे वाकून विचारत राहिला.

मला खुपले ते वेगळेच. "तिला हलकंच काहीतरी द्या," हे उत्तर माझ्या ओठांवर आलेच होते, आणि आईने कार्ड वळवले नसते तर ते मी देऊनही टाकले असते. बँकेत, दवाखान्यात, दुकानात तिच्या वतीने मी असा किती वेळा बोललो असेन?