पुसू नकोस, रगड!

आपल्या नर्सिंग स्कूलच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि कानात आपल्याला शिकवणाऱ्या बाईंचा आवाज घुमला, "पुसू नकोस, रगड!" आपल्या बॅचला वेगळं सांगायला नको. थ्री-वेमधून, म्हणजे सलाईनच्या नळीला जोडलेल्या तीन तोंडांच्या तोटीतून, इंजेक्शन देण्याआधी स्पिरिटच्या बोळ्याने त्याचं तोंड १५ सेकंद रगडायचं, मग सुकू द्यायचं. बाई ॲप्रनवरच्या घड्याळाकडे बघत शेजारी उभ्या असायच्या.

दुसऱ्या वर्षी मेल मेडिकल वॉर्डला नारायण पेठेतले एक आजोबा होते. उलट्या-जुलाबांनी पार सुकलेले, शीर हाताला लागेना. दोघींनी आधीच हात टेकले होते. मी निळी इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी सुईने शिरेत घालून ठेवायची बारीक नळी, घेतली आणि पहिल्याच प्रयत्नात रक्त दिसलं. आजोबा म्हणाले, "पोरीचा हात हलका आहे हो!" मी फुशारून बाईंकडे पाहिलं.

"जागा पुसून झाल्यावर शीर पुन्हा बोटाने चाचपलीस?"

"हो, बाई."

"काढ."

मला रडूच फुटलं. बाई मात्र आजोबांच्या खाटेशी बसल्या. कातडीवरचे जंतू सुईबरोबर थेट रक्तात कसे जातात, ते त्यांना साध्या शब्दांत समजावलं. आजोबांनी मुकाट्याने दुसरा हात पुढे केला. पुढचे तीन दिवस बाईंनी मला दोन्ही जागा बघायला लावल्या: लाली आहे का, सूज आहे का, शीर दोरीसारखी कडक लागते का.

आज कोथरूडच्या एका शुश्रूषा केंद्रात नर्सिंगची जबाबदारी माझ्याकडे आहे. आमचे बहुतेक रुग्ण ऐंशीच्या पुढचे. या वयात रक्तात संसर्ग झाला तरी ताप चढेलच असं नाही. माणूस बरळायला लागतो, जेवण सोडतो. म्हणून नवी सिस्टर कितीही वर्षांचा अनुभव सांगत आली, तरी आधी डमी हातावर, मग माझ्यासमोर रुग्णाला सलाईन लावून दाखवते आणि मगच एकटीने लावते. इंट्राकॅथची गरज अजून आहे का, हे रोज विचारायचं; नसेल तर त्याच दिवशी काढायची. हल्ली व्हिडिओ बघून प्रमाणपत्रं मिळतात, मुलींचे हात कुणी बघत नाही, याचं फार वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात रात्रपाळीची मुलगी सकाळी येऊन म्हणाली, "मॅडम, तीन नंबरच्या आजींना सलाईन लावल्यावर आठवलं, जागा पुसल्यानंतर माझं बोट लागलं होतं. काढून दुसऱ्या हाताला लावलं." रात्री तिथे बघायला कुणी नव्हतं.

बाई, हे तुम्हाला सांगायचं होतं.