अर्धा सुविचार

निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. लग्नाकार्यात भेटलेला जुना विद्यार्थी विचारतो, नव्यानं नोकरीला लागलेल्या शिक्षिका फोन करून विचारतात: "बाई, तुम्ही रोज फळ्यावर सुविचार लिहायचात. धैर्य, चिकाटी, चारित्र्य... त्यानं खरंच काही होतं का हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून मनापासून सांगते. होतं. पण अर्ध्या सुविचारानं काही होत नाही, उलट कधी कधी तो माणसाला लागतो. हे मला आठवीतल्या एका मुलानं शिकवलं, आणि तेसुद्धा मी वीस-एक वर्षं फळा भरल्यावर.

आमची शाळा पारनेर तालुक्यातली. मी मराठी शिकवायची. परिपाठाची घंटा व्हायच्या आधी वर्गात जायचं, फळ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दिनांक, त्याखाली सुविचार, ही माझी रोजची सुरुवात. ओळी कॅलेंडरच्या पानांवरून, जुन्या पाठ्यपुस्तकांतून एका वहीत उतरवलेल्या असत. २०१३ साल होतं. पाऊस दगा देऊन गेलेला, फेब्रुवारीतच गावाला टँकर सुरू झालेले. त्या सकाळी मी लिहिलं, 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.'

तास संपताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. उर्मटपणा नव्हता त्याच्यात, कधीच नव्हता. म्हणाला, "बाई, आमच्या दादांनी दोन बोर घेतले. दोन्ही फेल गेले. मग दादांचा प्रयत्न कमी पडला का?"

वर्गात कुणी हसलं नाही. निम्म्या घरांची तीच गत होती. दादा म्हणजे त्याचे वडील, ते जनावरं घेऊन चारा छावणीवर राहत होते, बोरचं कर्ज डोक्यावर होतं. मी काहीतरी बोलले, प्रयत्न कधी वाया जात नाहीत असलं. तो खाली बसला. त्याला ते पटलं नव्हतं, आणि मलाही.

संध्याकाळी घरी जाऊन तो श्लोक पुन्हा काढला. मूळ संस्कृत, भर्तृहरीच्या नीतिशतकातला. आपण म्हणतो ते वामनपंडितांचं मराठी. चारही ओळी अशा आहेत:

प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे,
तृषार्ताची तृष्णा मृगजळ पिऊनीही वितळे,
सशाचेही लाभे विपिन फिरता शृंगहि जरी,
परंतू मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी.

वाळूचं तेल, मृगजळाचं पाणी, सशाचं शिंग. ही तिन्ही घडत नाहीत म्हणूनच कवीनं घेतली आहेत. एक वेळ तीही घडतील, पण हट्टाला पेटलेल्या मूर्खाचं मन वळवता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. श्लोक मूर्खाविषयीचा आहे, आणि आपण त्याची पहिली ओळ कापून चिकाटीचा सुविचार म्हणून शाळाशाळांच्या भिंतींवर रंगवली. कॉलेजात हा श्लोक मी परीक्षेसाठी अर्थासकट पाठ केला होता. म्हणजे मला माहीत होतं. तरी मी तो अर्धा लिहिला, आणि ज्याच्या बापाच्या दोन बोरांतून नुसता फुफाटा निघाला त्याच्यासमोर लिहिला. त्याची टोचणी आजही आहे.

दुसऱ्या दिवशी चारही ओळी लिहिल्या आणि वर्गासमोर त्याला सांगितलं, "काल मी अर्धंच लिहिलं होतं. तुझ्या दादांचा प्रयत्न कमी पडला नाही. खाली पाणीच नव्हतं."

त्यानंतर वहीतली एकेक ओळ घेऊन मी तिचं मूळ शोधायला बसले. 'उठा, जागे व्हा आणि ध्येय गाठेपर्यंत थांबू नका' ही विवेकानंदांची हाक सगळ्यांना पाठ असते. ती त्यांनी कठोपनिषदातून घेतली आणि शेवटचा भाग आपल्या शब्दांत मांडला. उपनिषदात आहे 'उत्तिष्ठत जाग्रत प्राप्य वरान्निबोधत': उठा, जागे व्हा, थोरांपाशी जाऊन समजून घ्या. त्याला लागूनच पुढे म्हटलंय की ही वाट वस्तऱ्याच्या धारेसारखी आहे, ओलांडायला कठीण. मुलांना झोपेतून उठवायचं तर वाट कशी आहे तेही त्यांना सांगायला हवं, असं मला वाटतं. फळ्यावर नेमकं तेच येत नाही.

मग तुकोबा. 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे.' ही ओळ माहीत नाही असा मराठी माणूस मला भेटलेला नाही. पण तिच्या आधीच्या ओळी? 'साधुनी बचनाग खाती तोळा तोळा, आणिकांते डोळा न पाहवे. साधुनी भुजंग धरितील हाती, आणिके कांपती देखोनिया.' बचनाग म्हणजे जहाल विष. वैद्य गोमूत्रात शोधन केल्याशिवाय औषधातही घालत नाहीत. तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमहून जास्त. (वर्गात हे सांगताना मी प्रत्येक वेळी बजावायची, हा दाखला आहे, करून बघायची गोष्ट नव्हे.) तुकोबांनी अभ्यासाला दाखला दिला तो विषाचा आणि सापाचा, जिथे चूक झाली तर जीव जातो. परीक्षेत पहिलं यायचा तो अभ्यास नव्हे. 'साधुनी' हा शब्द दोनदा येतो, त्यावर माझं बोट थांबतं. कणाकणानं, अंगवळणी पडेपर्यंत, भीतीसकट.

त्या मुलासाठी मात्र मी दुसराच अभंग काढला. तुकोबांनी स्वतःची हकिगत सांगितली आहे तो. १६३० च्या सुमाराला दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला, तो त्यांच्या घरातून गेला. 'दुष्काळे आटिले द्रव्ये नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली. लज्जा वाटे जीवा त्रासलो या दुःखे, वेवसाय देख तुटी येता.' वर्गात हे वाचताना 'नेला मान' याचा अर्थ मला सांगावाच लागला नाही. टँकरच्या रांगेत हंड्यांसाठी भांडणाऱ्या आया त्या मुलांनी पाहिल्या होत्या. सावकाराच्या ओट्यावर बसून राहिलेले बाप पाहिले होते. एवढा मोठा माणूस 'लाज वाटते' म्हणतो, धंदा बुडाला म्हणतो, हे ऐकून तो मुलगा मान वर करून बघायला लागला.

त्याच अभंगात पुढे आहे: 'आरंभी कीर्तन करी एकादशी, नव्हते अभ्यासी चित्त आधी. काही पाठ केली संतांची उत्तरे, विश्वासे आदरे करोनिया. गाती पुढे त्यांचे धरावे धृपद.'

तुमच्या प्रश्नाचं माझ्याजवळचं उत्तर हेच आहे. घर उद्ध्वस्त झाल्यावर तुकोबांनी आधीच्या संतांच्या ओळी पाठ केल्या. सुरुवातीला त्यांचंही मन लागत नव्हतं. पुढं जे गात होते त्यांच्या मागं उभं राहून त्यांनी ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरलं. वचनांचा उपयोग असा होतो. अंधारात पुढच्याचा आवाज धरून चालायला ती लागतात, आणि म्हणून ती अख्खी लागतात, त्यातल्या दुष्काळासकट, लाजेसकट.

तेव्हापासून मी रोज नवा सुविचार लिहिणं सोडलं. एकच वचन आठवडाभर फळ्यावर राही आणि शनिवारी आम्ही त्याच्या मागं जायचो. एका शनिवारी खरोखरच चालत गेलो, गावातल्या जुन्या आडावर. त्या आठवड्यात फळ्यावर होतं: 'ओले मूळ भेदी खडकाचे अंग, अभ्यासासी सांग कार्यसिद्धी.' आडाच्या आतल्या बांधकामातून उंबर फुटला होता, त्याच्या मुळीनं दोन चिरे सरकवलेले. त्याच अभंगातली पुढची एक ओळ काठावरच होती: 'दोरे चिरा कापे पडिला कांचणी.' काळ्या दगडाच्या काठाला शेजारी शेजारी गुळगुळीत खाचा. दप्तराचा पट्टा काचतो ना, तोच काच, म्हणून कांचणी, असं मी सांगितलं.

शेवटची ओळ मी कधी घाईनं शिकवली नाही. 'तुका म्हणे कैंचा बैसण्यासी ठाव, जठरी बाळा वाव एकाएकी.' आईच्या पोटात बसायला जागा कुठं असते? ती एकाएकी होत नाही, नऊ महिने होत जाते. दोन लेकरांची आई असल्यानं असेल, मला चिकाटीचा याहून खरा दाखला दुसरा ठाऊक नाही. त्यात कुणी दात-ओठ खात नाही. शरीर रोज थोडं सरकतं, दुखतं आणि जागा करून देतं.

त्याच काठावर उभं राहून आणखी एक गोष्ट सांगावी लागली. या आडात दोर सोडायची मुभा एके काळी गावातल्या सगळ्या घरांना नव्हती. म्हणून महाडचं सांगितलं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली, ओंजळीनं पाणी प्याली आणि त्यासाठी त्यांनी मारही खाल्ला. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच पुन्हा बोलताना बाबासाहेब म्हणाले की त्या पाण्यानं आपण अमर होणार नाही, आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे दाखवायला आपण जातो आहोत. धैर्यावर इतकं साधं वाक्य माझ्या वहीत दुसरं नव्हतं.

मुलं गप्प होती. एका मुलीनं वाकून खाचेत हात ठेवला. तिची चारही बोटं आत बसली. दोर सुंभाचा, मऊच असायचा, असं कुणीतरी म्हणालं. मग तिनं विचारलं, "बाई, एवढं पाणी शेंदणाऱ्या कोण होत्या?"

मी म्हटलं, "घरी जाऊन आजीला विचार."

सोमवारी ती सतरा नावं लिहून घेऊन आली. त्या आठवड्यात फळ्यावर तीच होती.