सेव्हियाच्या धक्क्यावर चांदी किती दिवस राहायची

स्पेनमधल्या सेव्हियाला जायचं तर माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून वेगवान गाडी धरावी. अडीच तासांच्या आसपास सांता हुस्ता स्टेशन येतं. जुलै-ऑगस्ट टाळा. पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि दुपारी दोन ते पाच रस्त्यावर फक्त पर्यटक दिसतात. आमच्या मते मार्च किंवा नोव्हेंबर उत्तम. हे शहर राजवाड्यासाठी आणि फ्लामेंकोसाठी पाहतात. आम्ही ते एका जुन्या कचेरीच्या कारभाराचा माग काढत पाहिलं. सोळाव्या शतकात अमेरिकेची चांदी कायदेशीरपणे युरोपात उतरायची ती इथेच, आणि ती उतरल्यावर तिचं काय व्हायचं हे आजही दीड-दोन किलोमीटरच्या फेरीत पायी पाहता येतं.

सुरुवात नदीवरून करावी, म्हणजे तोरे देल ओरोपासून. नावाचा अर्थ सोन्याचा बुरूज. इथे अमेरिकेचं सोनं ठेवत असत ही गोष्ट तुमच्या कानावर पडेलच, पण बुरूज 1220-21 मध्ये मुस्लिम अल्मोहाद राजवटीत बांधलेला आहे आणि तेव्हा अमेरिका कुणाच्या स्वप्नातही नव्हती. आत छोटं नौदल संग्रहालय आहे, अर्धा तास पुरतो. बुरुजापेक्षा समोरचं पाणी नीट बघा. ते जवळजवळ हलत नाही, कारण ग्वादाल्किविरचा वाहता प्रवाह विसाव्या शतकात पश्चिमेकडे वळवला आणि शहरासमोरचा भाग दरवाजे लावून बंद गोदी केला. जुनी नदी अशी शांत नव्हती. समुद्र इथून नदीमार्गाने ऐंशी-नव्वद किलोमीटर दूर, तरी भरती-ओहोटी शहरापर्यंत जाणवायची. वळणं, उथळ जागा आणि गाळ यांमुळे मोठ्या गलबतांना भरल्या पोटी वर येताच येत नसे. ती खाली लास ओर्कादासला किंवा नदीच्या तोंडाशी सानलूकारला थांबत आणि माल लहान होड्यांतून ये-जा करी. मॅगेलनची पाच जहाजं 10 ऑगस्ट 1519 ला सेव्हियाहून निघाली, पण सानलूकारहून समुद्रात शिरली ती 20 सप्टेंबरला. सगळा उशीर नदीमुळे नव्हता, रसद भरण्यातही वेळ गेला. तरी एवढं कळतं की ‘सेव्हियाहून निघणं’ म्हणजे अजून समुद्र दिसलेला नसणं.

मग राजाने समुद्रकाठचं कादिस सोडून हे गैरसोयीचं नदीबंदर का निवडलं? कारण गैरसोयच सोयीची होती. आत येण्याची वाट एकच असली की चौकी बसवणं सोपं. इसाबेल राणीने 1503 मध्ये कासा दे कोंत्रातासिओन, म्हणजे व्यापारगृह, स्थापन केलं आणि अमेरिकेशी होणारा सगळा कायदेशीर व्यवहार या एका दाराने बांधला. परवाने, माणसं, माल, नकाशे, खटले, सगळं तिथेच.

ती कचेरी आलकासार राजवाड्याच्या आत होती. राजवाड्याचं तिकीट वेळ ठरवून आधीच ऑनलाइन काढा. ऐनवेळी रांगेत उभं राहून ते मिळेलच असं नाही. आत गेल्यावर मोंतेरियाच्या चौकातून बहुतेक लोक थेट पेद्रो राजाच्या नक्षीदार महालाकडे वळतात. तुम्ही आधी त्याच चौकाच्या उजव्या बाजूचं ‘क्वार्तो देल आल्मिरान्ते’, म्हणजे दर्यासारंगाचं दालन, गाठा. तिथे आलेहो फेर्नांदेसने 1530 च्या दशकात रंगवलेलं वेदीचित्र आहे. मरियेने झगा पसरला आहे आणि त्याखाली दर्यावर्दी, सम्राट आणि अमेरिकेची माणसं आसऱ्याला उभी आहेत. पायाशी जहाजं. कचेरीच्या भिंतीवर देव लावायची पद्धत आपल्याला नवी नाही.

या दालनाभोवती चालणारं काम मात्र रोकडं होतं. अमेरिकेला जाणाऱ्या जहाजाची तीनदा तपासणी व्हायची. पहिली माल भरण्याआधी: सांगाडा मजबूत आहे का, कुठे दुरुस्ती हवी, किती वजन झेपेल. दुसरी भरल्यावर: सांगितलेली दुरुस्ती झाली का, तोफा, दारूगोळा, पाणी आणि माणसं पुरेशी आहेत का. तिसरी सानलूकारला, निघण्याच्या तोंडावर, आणि हीच खरी. दुसऱ्या आणि तिसऱ्या तपासणीच्या मधल्या पट्ट्यात, नदीच्या वळणांवर, जादा माल आणि बिनपरवाना माणसं चढवली जात. तपासनीस प्रामाणिक असला तर ती उतरवावी लागत, नसला तर जहाज वाजवीपेक्षा खोल बसून निघे आणि वादळात त्याची किंमत मोजे. सुकाणूवरच्या वाटाड्याला कासाची परीक्षा देऊन सनद घ्यावी लागे. 1508 मध्ये अमेरिगो व्हेस्पुची पहिला मुख्य वाटाड्या नेमला गेला, आणि परतलेल्या जहाजांच्या नोंदी घेऊन ‘पाद्रोन रेआल’ हा राजनकाशा सतत सुधारणं ही त्या पदाची जबाबदारी होती. कराचं सांगायचं तर 1543 पासून माल निघताना अडीच टक्के आणि अमेरिकेत उतरताना पाच टक्के. 1566 मध्ये दोन्ही दुप्पट झाले. शिवाय एकत्र निघणाऱ्या जहाजांच्या तांड्याच्या संरक्षणाचा खर्च ‘आव्हेरिया’ म्हणून मालावर वाटला जाई, आणि लढाया वाढल्या की तोही वाढे.

येताना उलटा क्रम. चांदीवरचा राजाचा पाचवा हिस्सा, किंतो, सेव्हियात नव्हे, खाणीकडच्या राजकचेरीतच कापला जाई आणि लगडीवर शिक्का बसे. त्यामुळे शिक्का नसलेली लगड म्हणजे चोरीचा माल. नोंदवलेली चांदी धक्क्यावरून कासात नेऊन वजन होई. तीन कुलपांची पेटी, तीन किल्ल्या, तीन वेगळे अधिकारी, आणि तिघे हजर असल्याखेरीज झाकण उघडायचं नाही.

पुढचा टप्पा टाकसाळ, कासा दे ला मोनेदा. सोळाव्या शतकाच्या शेवटी ती राजवाडा आणि नदी यांच्या मधे आली. तोरे दे ला प्लाता, चांदीचा बुरूज, तिच्याच शेजारी. आज तिथे घरं आणि उपाहारगृहं आहेत, पण टाकसाळीच्या आतल्या गल्ल्यांची रचना कळते. हिशोब 1497 च्या राजाज्ञेने ठरलेला: एका कास्तिलियन मार्कातून, म्हणजे साधारण 230 ग्रॅम चांदीतून, 67 रेआल नाणी पाडायची. एक रेआल 34 मरावेदींचा, मरावेदी म्हणजे हिशोबाचं लहान परिमाण. आठ रेआलचं मोठं नाणं त्यामुळे सुमारे साडेसत्तावीस ग्रॅमचं, आणि शुद्धता शेकडा 93. वजन आणि कस इतका पक्का की हे नाणं स्पेनपेक्षा बाहेरच जास्त फिरलं. इंग्रज आणि डच ते सुरतेला आणत, तिथले सराफ पारखून विकत घेत आणि मुघल टाकसाळीत ते वितळून रुपये होत. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरातली चांदी आपल्याकडच्या बाजारात अशी शिरली.

चांदी एवढी आली ती पाऱ्यामुळे. 1545 मध्ये पोतोसीचा साठा सापडला, पण हलक्या प्रतीचं खनिज नुसतं वितळवून परवडत नव्हतं. 1554 च्या सुमारास बार्तोलोमे दे मेदिनाने मेक्सिकोत पाचुकाला पाऱ्याने चांदी वेगळी करण्याची रीत बसवली. पारा हवा म्हणजे स्पेनमधलं आल्मादेन, जिथली खाण ऑग्सबर्गच्या फुगर सावकारांकडे मक्त्याने होती. का होती? 1519 च्या पवित्र रोमन सम्राटपदाच्या निवडणुकीसाठी स्पेनच्या राजाने, पहिल्या कार्लोसने, त्यांच्याकडून मोठं कर्ज उचललं होतं. फेड मक्त्यांतून चालली. म्हणजे मुकुटाच्या कर्जातून सावकाराला खाण, खाणीतून पारा, पाऱ्यातून चांदी, आणि चांदी पुन्हा कर्जात. पारा मेंढीच्या कातड्याच्या पिशव्यांत भरून त्या लाकडी पिंपांत ठेवत. शिवण सुटली की पारा जहाजाच्या तळाशी गेला म्हणून समजा.

आता कॅथेड्रल. तिकिटात हिराल्दा मनोरा येतो आणि वर जायला पायऱ्यांऐवजी उतार आहे, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनीही हिंमत करावी. आत कोलंबसची शवपेटी चार राज्यांचे पुतळे खांद्यावर घेऊन उभे आहेत, तिथे गर्दी असते. आम्हाला बाहेरच्या पायऱ्यांभोवतीच्या साखळ्या जास्त बोलक्या वाटल्या. व्यापारी याच पायऱ्यांवर सौदे करत आणि पाऊस आला की थेट आत घुसत. चर्चने तक्रार केली, तेव्हा कार्लोसचा मुलगा राजा फेलिपे दुसऱ्याने हुआन दे एरेराच्या आराखड्यावर शेजारी व्यापाऱ्यांची वखार बांधवली. काम 1584 मध्ये सुरू झालं, व्यवहार 1598 मध्ये. गंमत बघा: इमारत तयार होईपर्यंत राजाचे दिवाळे वाजून झाले होते, तेही एकदा नव्हे. 1557, 1575, 1596.

हे दिवाळं म्हणजे तिजोरी रिकामी असा साधा प्रकार नव्हता. फ्लँडर्समधल्या, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, स्पॅनिश सैन्याला पगार अँटवर्पला, ठरल्या तारखेला, सोन्यात द्यायचा. राजाची चांदी समुद्रावर, कधी येईल ते वाऱ्यावर. मधलं अंतर जिनोआचे सावकार भरून काढत. करार केला की ते तिकडे हुंडीने पैसे चुकवत आणि इकडे सेव्हियात येणाऱ्या तांड्यावर हक्क लावत. तांडा उशिरा आला की व्याजावर व्याज. शेवटी राजा हात वर करे, आणि महाग व अल्पमुदतीच्या कर्जाचे ‘हुरो’ नावाचे दीर्घ मुदतीचे, कमी व्याजाचे रोखे करून सावकारांच्या गळ्यात मारी. 1575 ला हे केलं तेव्हा पगार थकला आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच सैन्याने अँटवर्प लुटलं. त्याआधी कार्लोसने 1535 च्या ट्युनिस मोहिमेसाठी खासगी व्यापाऱ्यांची उतरलेली चांदीही ताब्यात घेऊन रोखे हातात ठेवले होते. व्यापारी काही शिकले नाहीत असं नाही. ते चांदी नोंदवेनासे झाले.

राहिलेल्या चांदीने महागाई केली. शतकभरात स्पेनमधले भाव साधारण चौपट झाले. शतकाचा विचार करता हे दरसाल दीड टक्क्याहून कमीच पडतं, आजच्या मानाने किरकोळ, पण ठरलेल्या खंडावर आणि रोख्यांवर जगणाऱ्यांची कंबर त्यात मोडली. इथलं कापड महागलं, बाहेरचं स्वस्त पडलं, आणि अमेरिकेला जाणाऱ्या गलबतांत परदेशी माल वाढत गेला.

वखारीत 1785 पासून इंडीजचा, म्हणजे स्पेनच्या समुद्रापारच्या वसाहतींचा, दफ्तरखाना आहे. प्रवेश मोफत, सोमवारी बंद. सुमारे 43,000 बस्ते, आठ कोटींच्या आसपास पानं. वरच्या मजल्यावरची क्युबन महोगनीची कपाटं बघायला मिळतात, कागद नाहीत. संशोधकांचं वाचनालय समोरच्या इमारतीत आहे, आणि खूपसे दस्त स्पॅनिश सरकारच्या ‘पारेस’ संकेतस्थळावर घरबसल्या फुकट दिसतात. अक्षर मात्र अवघड. मोडी वाचणाऱ्याला जेवढा धीर लागतो तेवढा धरून बसा.

दुसऱ्या दिवशी सानलूकार दे बारामेदा. हेरेसपर्यंत रेल्वे, पुढे बस. नदीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. तिथे जहाजांना भरतीची आणि अनुकूल वाऱ्याची एकाच वेळी वाट बघावी लागे, आणि घाई करणारी कित्येक तिथेच रुतली. गलबतं मोठी होत गेली तसा बांध जास्त जाचू लागला. 1649 च्या प्लेगने सेव्हियाची जवळपास निम्मी माणसं नेली, 1680 मध्ये तांड्यांचं मुख्य ठाणं कादिसला गेलं आणि 1717 मध्ये कासाही त्यामागे. आज ऑगस्टमध्ये याच किनाऱ्यावर घोड्यांच्या शर्यती होतात. वेळापत्रक दरवर्षी बदलतं, कारण शर्यत पूर्ण ओहोटी लागल्यावर, उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर धावते. जायचं असेल तर तारखेबरोबर ओहोटीची वेळही बघून ठेवा.